उणे बासष्ट

शनिवारी सकाळी माझ्या भावाला जाळणार होते. भाऊ सापडलाच नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा भाऊ बनवायचा आणि तो जाळायचा, असं भटजी सांगून गेले. तीनशे साठ पानं लागतात. आय ओटीवर बसून एकेक पान दोऱ्याने बांधत होती. मी समोर खाडीच्या काठाला, हिराबायच्या पोटात पालथी पडून, गंजलेल्या इंजिनाचे बोल्ट ग्राइंडरने कापत होते. तो बुधवार होता.

हिराबाय म्हणजे माझ्या आज्याचा मचवा. सागवानी, एका डोलकाठीचा, एका शिडाचा. मी जन्मायच्या आधी त्यात पेट्रोलचं इंजिन बसवलेलं. आमच्या सांडखोलला पेट्रोल मिळायचं बंद झालं त्याला आठ वर्षं झाली. पंपाच्या खोलीत आता कोंबड्या असतात. तेव्हापासून अख्खी वाडी कंपनीच्या पांढऱ्या फायबरच्या बोटी चालवते. विजेच्या. आवाज नाही, धूर नाही, आणि बारा मैलांवर पवनचक्क्यांची रेषा ओलांडली की मोटर आपोआप बंद. पलीकडचा दर्या पवनचक्क्यांचा. तिथे कोळ्याने जायचं नाही.

माझा भाऊ प्रणित आदल्या शुक्रवारी रेषेपलीकडे गेला. जाळं वाहत चाललं असणार, त्याच्या मागे गेला असणार. सोमवारी बोट सापडली, उलटी. प्रणित नाही. मंगळवारी शोध थांबला. बुधवारी सकाळी कंपनीच्या माणसांनी ती बोट आणून आमच्या दारात टाकली, बाची सही घेतली आणि गेले.

"शर्वे, बाहेर ये."

बा काठावर उभा होता. हातात पळसाची अजून एक फांदी.

"दोन बोल्ट राहिलेत."

त्याने ग्राइंडरची वायर खेचली. आवाज बंद झाला.

"त्याच्या बोटीतली मोटर काढलीस?"

"हो."

"बॅटरी पण?"

"हो. पाण्यात राहून काय झालं नाय तिला. मिठाचीच बॅटरी ती, सोडियमची. सोळातले नऊ सेल जिवंत आहेत."

"प्रेताच्या अंगावरचे दागिने उतरवतेस?"

"प्रेत कुठाय? दाखव, मग नाय उतरवत."

त्याने हात उचलला. मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. मंगळवारपासून हा माणूस ओरडला नव्हता, रडला नव्हता, कुणाला जाऊन जाब विचारला नव्हता. नुसता डोंगरावर जाऊन पळस तोडून आणत होता. पोराला जाळायची एवढी घाई कुठल्या बापाला असते? माझं डोकं त्यानेच फिरलं होतं.

"कुठे शोधणार तू?" तो म्हणाला. "दर्या काय तळं आहे?"

मला एवढंच माहीत होतं, वाडीतली प्रत्येक बोट रेषेवर थांबणार. ज्या बोटीला कुलूप नाही अशी एकच बोट होती, आणि तिचं इंजिन मेलेलं होतं.

"वायर सोड," मी म्हटलं.

त्याने सोडली आणि घरात गेला.

मी नववीत शाळा सोडली. आमचा मास्तर म्हणजे भिंतीवरचा पडदा होता; तो तिसऱ्यांदा 'शाब्बास' म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर डस्टर फेकला. नंतर दोन वर्षं दापोलीला विजेच्या रिक्षांच्या गॅरेजात काम केलं. तिथूनही भांडून आले. पण येताना एक जुना कंट्रोलर घेऊन आले होते. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला डबा. बॅटरीतली वीज किती सोडायची, कधी सोडायची, ते तो ठरवतो. कंपनीचं कुलूप पण त्याच डब्यात असतं. मी कंपनीचा डबा काढून खाडीत फेकला आणि त्या जागी रिक्षाचा बसवला. रिक्षाच्या डब्याला पवनचक्की म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला चढ माहीत आणि उतार माहीत.

गुरुवारी दाऊद मेस्त्री आला. हिराबाय त्यानेच बांधलेली. आता त्याला दिसतं कमी, तो लाकूड हाताने बघतो. आम्ही डोलकाठीला कप्पी बांधून इंजिन वर उचललं आणि काठावर सोडलं.

"किती गो वजन ह्याचं?"

"तीनशे तरी असेल."

"आणि तुझी मोटर?"

"चाळीस. बॅटरी साठ."

"मग उरलेलं वजन कोण, तुझी सासू भरणार? शीड वर गेलं की आडवी होईल ही. नीरम बघ आधी."

नीरम म्हणजे शिडाच्या होडीच्या पोटात ठेवलेले दगड. वारा शिडाला ढकलतो तेव्हा हे दगड होडीला खाली धरून ठेवतात. मी तळाच्या फळ्या उचलल्या. आत डांबर होतं, खेकडे होते. दगड नव्हते. डांबरात फक्त ठसे होते, गोल, स्वच्छ. मी मोजले.

"अकरा जागा आहेत, मेस्त्री. रिकाम्या."

"अकराच होते. तुझ्या आज्याने नदीतून निवडून आणलेले. एकेक जागा मी कोरून दिलेली."

"मग गेले कुठे?"

मेस्त्रीने तोंड फिरवलं. "दगड चालत जात नाय. बापाला विचार."

मी विचारलं. बा म्हणाला, "मला काय माहीत," आणि पान बांधायच्या दोऱ्याचं टोक शोधत बसला. त्याला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. पण मला तेव्हा दगडांपेक्षा शाफ्टची, म्हणजे मोटर आणि तळाखालचा पंखा जोडणाऱ्या दांड्याची, काळजी होती. जुना शाफ्ट आणि नवी मोटर एका रेषेत आल्या नाहीत तर पंखा फिरताना सगळं हादरतं आणि तासाभरात जोड तुटतो. मेस्त्री जोडावर बोटं ठेवून बसायचा, मी शाफ्ट फिरवायची, तो म्हणायचा, "केसभर उजवीकडे." त्याच्या केसभरात शुक्रवारची दुपार झाली.

मग मी बटण दाबलं. चिखलात अर्धा बुडालेला पंखा हळू फिरला. धूर नाही, फटफट नाही.

"चालू झाली?" मेस्त्रीने विचारलं.

"झाली ना."

"हॅ. मांजर जास्त आवाज करते."

मोटरीबरोबर प्रणितच्या बोटीतून मी अजून एक वस्तू काढली होती. तिला वाडीत चुगलखोर म्हणतात. दोन चपट्या चकत्या असतात, एक बोटीच्या पुढच्या टोकाला, एक मागच्या, तळाशी. होडीत वजन चढलं की ती पाण्यात थोडी खाली बसते. किलोभर वजनाला केसाच्या जाडीएवढी. त्या चकत्या पाण्याचा दाब सेकंदाला हजार वेळा मोजतात, लाटांची वरखाली वजा करतात आणि नेमकं वजन सांगतात. कंपनीने बसवल्या कशाला, तर मासळी दर्यातच मोजायला, म्हणजे कोणी परस्पर विकू नये. पुढे-मागे दोन कशाला, तर मासळी इकडून तिकडे सरकवून कोणी फसवू नये. प्रणित तर चुगलखोरासमोर शिंकायचा आणि म्हणायचा, "लिही, दोन ग्रॅम गेले."

याच चुगलखोराने त्याला मारलं होतं. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं, शुक्रवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी बोटीतून एकसष्ट किलो कमी झाले. प्रणितचं वजन बासष्ट. म्हणजे माणूस पाण्यात पडला, बोट रिकामी झाली. त्या जागेभोवती तीन दिवस शोधलं आणि थांबले.

मी चुगलखोर फोनला जोडला. अहवाल नको होता. आतली कच्ची नोंद हवी होती, सेकंदासेकंदाची.

दोन वाजून सतरा मिनिटांवर रेघ खाली आली होती खरी. पण मी ती बोटांनी ताणून मोठी केली तेव्हा ती रेघ राहिली नाही, जिना झाला. पाच किलो गेले. मग जरा थांबून सहा. मग साडेपाच. मग सहा. नऊ मिनिटं चाललं होतं ते.

मी पायऱ्या मोजल्या. अकरा.

माणूस अकरा तुकड्यांत पडत नाही.

मी पुढे सरकवत गेले. शुक्रवारची संध्याकाळ, रात्र, शनिवारची सकाळ. आकडा जवळपास शून्य. रिकामी बोट. शनिवार संध्याकाळ, सहा वाजून वीस मिनिटं: उणे बासष्ट. एका झटक्यात. शेजारी कंपनीने लिहिलं होतं, 'सेन्सर बिघाड. दुर्लक्ष करावे.'

रिकाम्या बोटीतून बासष्ट किलो गेले कुठून?

मी फोन घेऊन ओटीवर गेले. आय पान बांधत होती. बा खांबाला टेकून बसला होता.

"बा, हिराबायचे दगड प्रणितदादाच्या बोटीत होते."

त्याने दोऱ्याचं टोक बोटावर गुंडाळलं.

"होते की नाय!"

"ओरडू नको," आय म्हणाली.

"ओरडणार! अकरा दगड होते की नाय?"

बाने फोनकडे बघितलं. जिना बघितला.

"होते," तो म्हणाला. "ती फायबरची बोट म्हणजे परात आहे. लाटेवर नाचते. मी फळीखाली दगड बसवले. कंपनीचा माणूस तिचं वजन शून्यावर लावायला यायच्या आदल्या दिवशी."

म्हणजे यंत्राला वाटलं, दगड म्हणजे बोटच. दगड असलेली बोट म्हणजे रिकामी बोट, म्हणजे शून्य. त्यात प्रणित बसला की बासष्ट. दगड फेकले की परत शून्याजवळ. यंत्र म्हणालं, माणूस गेला. माणूस आतच होता.

"का फेकले त्याने?"

"बोटीत पाणी आलं की आधी नीरम टाकायचं. मग जाळं. सगळ्यात शेवटी माणूस." बाचा आवाज फाटला. "मीच शिकवलं त्याला."

"मग मंगळवारी का नाय बोललास? ते सही घ्यायला आले तेव्हा का नाय?"

"दगड ठेवायला बंदी आहे. मला वाटलं, त्या वजनानेच बोट खाली बसली, लाटा आत आल्या. मला वाटलं मीच मारलं."

"तो शनिवारी संध्याकाळपर्यंत बोटीत होता, बा! जिवंत! ते शुक्रवारच्या जागेवर शोधत राहिले आणि तू पळस तोडत होतास!"

माझ्या हातात पाना होता. तो मी भिंतीवर मारला. गिलाव्याचा तुकडा पडला. बा हलला नाही. आयने हातातलं पान खाली ठेवलं, फक्त तेवढंच.

बाने स्वतः फोन लावला. शोधकेंद्राचा आवाज आला, गोड, बाईचा, यंत्राचा. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. हे प्रकरण बंद झाले आहे."

"दगड मी ठेवले होते," बा म्हणाला. "माझा पोरगा पडला नाय, दगड पडले."

"आपली माहिती नोंदवली आहे. फेरतपासणी अकरा कामकाजाच्या दिवसांत होईल."

"अकरा दिवस तो काय खाणार, तुझं डोकं?" मी फोनमध्ये ओरडले.

"आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे."

माणूस मिळेपर्यंत अजून तीन नंबर लावले. जो मिळाला तो म्हणाला, सोमवारी या.

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो. दगड फेकले त्यानंतर बोटीवरचा दिशादर्शक खाऱ्या पाण्याने मेला होता, पुढची जागा कुठेच नोंदली नव्हती. पण पंखा होता. कुलूप लागलं तरी पंखा शाफ्टवर मोकळा असतो. होडी पाण्यातून सरकली की पाणी पंख्याला फिरवतं, पंखा मोटरीला, आणि फिरवलेली मोटर म्हणजे डायनामो. तिने थेंबथेंब वीज केली म्हणून नोंद चालू राहिली. आणि प्रत्येक फेरी मोजली गेली होती. शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत पंखा सारखा फिरत होता. प्रणितने ताडपत्रीचं शीड केलं असणार. सहाच्या सुमाराला पंखा एकदम थांबला. बाहेर वारा होता, तरी चाळीस मिनिटं थांबला. त्या चाळीस मिनिटांतच ते उणे बासष्ट. मग परत फिरायला लागला, रिकाम्यापेक्षा हलक्या बोटीबरोबर.

मी फेऱ्यांचे मैल करून सांगितले. बाने डोळे मिटले. तो त्यात भरती मिसळत होता, ओहोटी मिसळत होता, वारा मिसळत होता. त्याची बोटं मांडीवर हलत होती.

"वाऱ्यात असून वारा लागत नाय," तो म्हणाला. "आडोसा. तिथे आडोसा एकच." त्याने डोळे उघडले. "गायखडक."

गायखडक एकवीस मैलांवर. पवनचक्क्यांच्या पलीकडे. त्यावर जुना दीपस्तंभ आहे, बंद पडलेला, आणि त्याच्या पायाशी पावसाच्या पाण्याची टाकी. टाकीत पाणी असेल तर माणूस जगेल. फेब्रुवारी होता. असेल की नसेल, कोण सांगणार?

"नीरम नाय," मी म्हटलं. "नीरमाशिवाय शीड लावता येत नाय, आणि नऊ सेलांत सहा मैलांच्या पुढे मोटर जात नाय."

खाडीत सगळा चिखल. दगड आणायला डोंगरावर जायचं, फोडायचे, वाहायचे, म्हणजे अजून एक दिवस.

आय उठली. घरात गेली. आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत, पोटाशी धरलेला, तिचा वाटणाचा पाटा होता. तिच्या आईने दिलेला. तिने तो पायरीवर ठेवला. पायरी वाजली.

"दोनशे दहा पानं झालीत," ती म्हणाली. "पुढची मी बांधणार नाय."

मग ती शेजारी गेली. नंतर पुढच्या दारात. काही दारांत तिला आत बोलवून समजवायला बघितलं, ते मला ऐकू येत होतं. पण अंधार पडेपर्यंत हिराबायशेजारी सतरा पाटे होते, दोन रगडे आणि एका जात्याची खालची तळी. चपटे दगड, नेमके बसणारे. दाऊद मेस्त्री एकेक हातात घेऊन जागा सांगत होता.

"उद्या अख्खी वाडी मिक्सरचं कालवण खाणार," तो म्हणाला. "पोरगा आणलात नाय तर बायका तुम्हाला वाटतील."

शनिवारी उजाडताना भरती आली आणि हिराबाय चिखलातून सुटली. मी आणि बा, दोघंच. आय कमरेएवढ्या पाण्यात आली. बाला म्हणाली, "परत आण. पाटा नाय, पोरगा."

मी दोन्ही चकत्या हिराबायच्या तळाला चिकटवल्या होत्या, पुढे आणि मागे. सगळं भरल्यावर शून्य लावलं. मग आम्ही चढलो. मी सत्तेचाळीस. बा एकाहत्तर.

पहाटेची मतलई जमिनीकडून दर्याकडे वाहते. शीड भरलं. आठ वर्षांनी हिराबाय वाकली, आणि पाट्यांनी तिला धरलं. बा सुकाणूवर होता. मी त्याला माफ केलं नव्हतं आणि त्याने माफी मागितलीही नव्हती.

दहाला मतलई मेली. शीड फडक्यासारखं लोंबलं. मी मोटर चालू केली. शंभर टक्के, नव्वद, ऐंशी. पाणी तेलासारखं. सत्तर. साठला मी बंद केली. खडकाजवळ मोटरीशिवाय जाता येणार नव्हतं, तिथे शीड लावून गेलो तर फुटलो असतो. बसून राहिलो. पाऊण तास. आयुष्यात एवढा लांब पाऊण तास मी बघितला नाही. मी पाण्याला शिव्या दिल्या. बा म्हणाला, "दे. त्याला सवय आहे."

मग खारा वारा आला, वायव्येकडून, आणि वाढत गेला. पवनचक्क्यांची पाती गरगरायला लागली. पहिल्या खांबाखालून गेलो तेव्हा फोन किंचाळला: प्रतिबंधित क्षेत्र, परत फिरा. रिक्षाच्या डब्याला काही पडलेली नव्हती.

"पंखा मोकळा ठेव," बा म्हणाला. "वेगात जाऊ."

पंखा मोकळा सोडला तर होडी हलकी पळते. तो चार्जिंगला लावला तर तोच पंखा पाण्याला जड होतो, वेग पाऊण मैलाने कमी होतो, पण तासाला चार-पाच टक्के भरतात. उशीर की वीज? तिकडे तो मरत असेल तर एक तास म्हणजे सगळं. आणि खडकावर जाऊन वीज संपली तर एक तासही नाही, काहीच नाही.

माझ्या पायांत मुंग्या येत होत्या. मी आयुष्यात कधी हळू गेले नाही.

"चार्जिंगला लावते," मी म्हटलं.

बाने माझ्याकडे बघितलं. "तू?"

"हो, मी. गप सुकाणू धर."

दोन तासांनी अडुसष्ट टक्के होते आणि समोर गायखडक.

काळा, गाय बसल्यासारखा. वर स्तंभ. स्तंभाच्या कठड्याला कंपनीचं नारिंगी जॅकेट बांधलेलं. बाने ते बघितलं आणि त्याच्या तोंडातून कसलासा आवाज आला. पण जॅकेटशेजारी कोणी नव्हतं. आम्ही हाका मारल्या. शिट्ट्या मारल्या. कोणी उठलं नाही, कोणी हात हलवला नाही. पक्षी उडाले, परत बसले.

ओहोटी होती. खडकाभोवती बुडलेल्या दगडांचं कडं आहे, त्यात एक फट. फटीवर पाणी कमरेएवढं. हिराबाय भरलेली, तिला छातीएवढं लागतं. भरतीला तीन तास. नांगर टाकला तर तो सपाट कातळावरून घसरत आला, दोनदा.

"शीड उतरव," बा म्हणाला. "नीरम टाकायचं."

"परत कसं जाणार?"

"गायखडकाचे दगड भरू. दगडांना इथे काय तोटा? तोवर पाणी पण वाढेल."

आम्ही फळ्या उचलल्या. पहिला पाटा गेला. शेजारच्या काकूचा, कडेला हळदीचा डाग असलेला. फोनवरचा आकडा खाली आला. दुसरा गेला. तिसरा. आकड्याचा जिना होत होता, मी बघितलेला तसाच. शेवटी आयचा पाटा राहिला. बाने तो उचलला आणि धरून उभा राहिला.

"हा राहू दे."

"टाक, बा."

"तिच्या आईचा आहे."

"तिने काय सांगितलं? पाटा नाय."

त्याने टाकला.

हिराबाय बुचासारखी वर आली आणि तशीच डोलायला लागली. मी मोटर उलटी फिरवली. तोंड दर्याकडे, पाठ खडकाकडे, अशी मागे मागे फटीतून आत घेतली. एकदा तळ घासला, लाकूड ओरडलं, सुटलं. आत आडोसा होता, तरी फटीतून लाटा येतच होत्या. मी मधोमध, जुन्या इंजिनाच्या जागी उभी, सुकाणूच्या दोन दोऱ्या दोन हातांत, फोन पायाशी. प्रत्येक लाटेला तोंड द्यायचं आणि मोटरीने तेवढंच पुढे ढकलायचं, नाहीतर लाट आम्हाला खडकावर आपटणार. मागे बघायला अर्धा सेकंद नव्हता.

"मागे बघू नको," बा म्हणाला. "काय पण झालं तरी. लाट बघ."

"आणि तो... तसा असला तर?"

"तरी लाट बघ."

पाठीमागे पाण्याचा आवाज झाला. फोनवर, एका झटक्यात: उणे एकाहत्तर.

मग मी लाटा मोजल्या. चाळीस झाल्या. सत्तर. बॅटरी एकावन्न टक्के. बाची हाक एकदा ऐकू आली, शब्द कळले नाहीत. मग काही नाही. एकशे वीस. बॅटरी बेचाळीस. एक मोठी आली, पाणी घोट्यापर्यंत भरलं, मी पायाने फोन उचलून फळीवर ढकलला आणि अंगठ्याने दोन्ही चकत्यांचे आकडे परत शून्यावर लावले. एकशे सत्तर. मी मनात कोणाशी तरी भांडत होते, बाशी, कंपनीशी, त्या गोड आवाजाच्या बाईशी, प्रणितशी सगळ्यात जास्त. जाळ्याच्या मागे कशाला गेलास, मूर्खा.

बॅटरी तेहतीस.

हिराबाय मागे किंचित बसली. तळव्यांना कळलं. मी फोनकडे बघितलं. मागची चकती: बावन्न वाढले. बा एकाहत्तरचा. बा अजून पाण्यात होता. बावन्न म्हणजे बासष्टातून दहा गेलेला कोणीतरी.

किंवा काहीतरी. बाने उचलून आत टाकलेलं.

"बा!" मी ओरडले. "बा, सांग!"

वाऱ्याने आवाज खाल्ला. समोर लाट उभी राहिली. मी दोऱ्या आवळल्या, मोटर ढकलली, लाट खालून गेली. मागे बा नव्हता, त्याचे एकाहत्तर अजून परत चढले नव्हते. होडीत मी आणि ते बावन्न, एवढेच.

परत फोन. मागे बावन्न. पुढे शून्य.

मागे पन्नास. पुढे दोन.

चुगलखोर लाटा वजा करून दाखवतो. हे लाटांचं नव्हतं.

मागे पंचेचाळीस. पुढे सात.

वजन सरकत होतं. फळीवरून, इंचाइंचाने, माझ्या दिशेने. कोणी ढकलत नव्हतं. ढकलायला होडीत कोणी नव्हतंच.

दुसरी लाट येत होती, पहिलीपेक्षा मोठी. मी मागे बघितलं नाही. लाटेकडे बघत, घसा फाटेपर्यंत ओरडले, "दादा, हालत राहा! थांबू नको, नुसता हालत राहा!"

मागे एकोणचाळीस. पुढे तेरा.